रविवारची सहल : चांदवडचा रंगमहाल?

ए-१०२ (सचिव) : मंडळी, रविवारचं ठरवा. सापुतारा की वाइनरी? लग्नसराई आहे, उद्या बस सांगितली नाही तर मिळणार नाही.

सी-५०४ : दोन्ही नको. चांदवडचा रंगमहाल बघू या. रोज नाशकातल्या होळकर पुलावरून ये-जा करतो, पण इथून ६५ किलोमीटरवरचा होळकरांचा वाडा किती जणांनी पाहिलाय?

बी-३०१ : काका, रेणुकामातेला दर नवरात्रात जातो, गावात शिरायचं कधी सुचलंच नाही. बघण्यासारखं उरलंय का काही?

सी-५०४ : उरलंय ताई. बाहेरून नुसती गढी वाटते, उंच भिंती. आत चौकात आलात की नूरच पालटतो. नक्षीदार लाकडी खांब, महिरपी, भिंतींवर जुनी चित्रं. सगळे वर बघतात, तुम्ही खांबाच्या पायथ्याशी बघा. जुन्या वाड्यात लाकूड जमिनीला टेकत नाही, खाली दगडी तळखडा असतो. ओल आणि वाळवी वर चढू नये म्हणून. आपल्या बिल्डरला हे कळलं असतं तर पार्किंगमधल्या भिंती फुगल्या नसत्या 😄

ए-१०२ (सचिव) : काका, तो विषय मीटिंगमध्ये.

बी-१०३ : पण होळकर इंदूरचे ना? इथे कशाला वाडा?

सी-५०४ : आपल्या द्वारका चौकात ज्या आग्रा रोडवर रोज अडकून शिव्या घालता ना, तोच मालेगाव, धुळे करत इंदूरला जातो. माळव्यातून दख्खनेत यायचं तर चांदवडचे डोंगर वाटेत. किल्ला ज्याचा, वाट त्याची. म्हणून ठाणं, म्हणून टांकसाळ. चांदवडी रुपया तिथलाच. १८१८ साली सगळं इंग्रजांकडे गेलं. अहिल्याबाईंचा कारभार १७६७ ते १७९५, राजधानी महेश्वर, पण चांदवडवर त्यांचा जीव. रेणुकामातेच्या देवळाचा जीर्णोद्धारही त्यांनीच केला.

ए-४०२ : सगळं छान, पण आमच्या सासूबाईंचे गुडघे? आणि मुलं दहा मिनिटांत कंटाळतील.

सी-५०४ : वाड्याचे जिने म्हणजे अरुंद आणि पायऱ्या उंच, हे खरं. आजींना खाली चौकात बसवू, गार असतं. मुलांना मोबाइल गाडीत ठेवून चित्रांतले हत्ती-घोडे शोधायला लावा.

बी-२०५ : मुलांना आधी तंबी द्या. मी गेलो होतो तेव्हा एका खांबावर किल्लीने बदाम आणि दोन नावं कोरलेली. अडीचशे वर्षं टिकलेल्या लाकडावर! डोकं फिरलं माझं. फ्लॅश मारायचा नाही, चित्रांना हात तर अजिबात लावायचा नाही.

बी-३०१ : 👍 दुरुस्तीचं काम चालू असेल तर वरचा मजला बंद असू शकतो. निघण्याआधी कोणीतरी विचारून घ्या.

बी-१०३ : नाश्ता?

सी-५०४ : सातला निघू, पिंपळगावला मिसळ. वाडा बघून रेणुकामाता, दुपारी परत.

बी-१०३ : मिसळ आहे ना? मग आमचे चौघे धरा. इतिहास नंतर बघू.

ए-४०२ : आम्ही तिघे. सासूबाईंनी मिसळ ऐकली, गुडघे बरे झाले.

ए-१०२ (सचिव) : चांदवड फायनल. शुक्रवार रात्रीपर्यंत नावं द्या. पैसे बसमध्ये चढतानाच. "नंतर देतो" म्हणणाऱ्यांची गेल्या वेळची यादी माझ्याकडे अजून आहे.