यूएसडीए होमलोन: पगार मर्यादेत, तरी नकार. जरा लवकर सांगा

कोरा_चहा:
कोलंबसच्या बाहेर, जेनिंग्ज काउंटीत घर पसंत पडलंय. यूएसडीएच्या (कृषी खात्याच्या, ग्रामीण भागातल्या घरांच्या लोनच्या) नकाशावर पत्ता टाकला, पात्र दाखवतोय. डाउन पेमेंट शून्य, म्हणून हेच लोन हवंय. माझे वर्षाला ८४ हजार डॉलर, बायकोचे पार्टटाइमचे २२. लोन ऑफिसर म्हणते, उत्पन्न जास्त होतंय. कसं काय? गुरुवारपर्यंत ऑफर द्यायची आहे.

नाना_डेटन:
कोलंबसला आमचे मेहुणे असतात. तिथे जेनिंग्ज काउंटी कुठली आली?

कोरा_चहा:
इंडियानातलं कोलंबस. ओहायोचं नाही.

मिडवेस्टी:
आधी व्हिसा सांगा. एच-१बी असेल तर विषय संपला. नागरिक किंवा ग्रीन कार्ड लागतं.

कोरा_चहा:
ग्रीन कार्ड आहे हो. मी उत्पन्नाचं विचारतोय.

मिडवेस्टी:
विचारावं लागतं. एफएचएसुद्धा (सरकारी हमीचं दुसरं होमलोन) मे २०२५ पासून एच-१बीवाल्यांना बंद झालंय, तरी लोक जुन्या अनुभवावर सल्ले देत सुटतात.

पिठलं_भाकरी:
ग्रामीण भागात पीएम आवासमधून १ लाख २० हजार मिळतात. ग्रामसेवकांना भेटा, घरकुलाच्या यादीत नाव आहे का बघा.

सुमेधाके:
दादा, धागा अमेरिकेतला आहे.

पिठलं_भाकरी:
अस्सं होय. मला वाटलं यूएसडीए म्हणजे आणखी एखादी नवी योजना.

गवत_कापणारा:
यूएसडीएचा नाद सोडा. ३ टक्के भरा आणि कन्व्हेन्शनल, म्हणजे सरकारी हमी नसलेलं लोन घ्या. पीएमआय (लोनचा विमा) पुढे निघून जातो. यूएसडीएची ०.३५ टक्के वार्षिक फी लोन फिटेपर्यंत पाठ सोडत नाही, वर सुरुवातीला १ टक्का वेगळा.

सुमेधाके:
तो १ टक्का लोनमध्येच घालता येतो. आणि ३ टक्के हाताशी असते तर त्यांनी धागा काढला असता का? आमचं लोन यूएसडीएचंच आहे, पीएमआयपेक्षा फी कमीच पडली.
कोरा_चहा, घरात अजून कोण राहतं? लोनवर सही कुणाची हे नाही बघत, घरातल्या प्रत्येक कमावत्याचं उत्पन्न धरतात.

कोरा_चहा:
आम्ही दोघं, दोन मुलं. धाकटा भाऊ असतो आमच्याकडे, पण तो लोनमध्ये नाहीच. त्याचे ६१.

मिडवेस्टी:
अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं! एकूण १ लाख ६७ हजार झाले की.

कोरा_चहा:
भाऊ आहे तो माझा, त्याचा पगार माझा कसा?

गवत_कापणारा:
भाऊ नव्या घरी येणार नाही म्हणून सांगून टाका. कोण बघायला येतंय!

मिडवेस्टी:
खोटं लिहून द्यायला शिकवू नका. माणसाला उद्या नागरिकत्वाचा अर्ज करायचा असेल. भाऊ खरंच वेगळा राहणार असेल तर गोष्ट निराळी.

कोरा_चहा:
नाही, तो येणारच आहे. तळमजल्यावरची खोली त्याच्यासाठीच बघितली.

नाना_डेटन:
गावाबाहेर आहे म्हणजे पाणी बोअरचं असणार. तपासून घ्या. आणि सेप्टिक टँक कुठे पुरलाय तेही विचारा. आम्ही दोन वर्षं त्याच्यावरच गाडी लावत होतो.

सुमेधाके:
थांबा, भाऊ धरला तर तुम्ही पाच जण होता. मर्यादा १ ते ४ जणांना एक आणि ५ ते ८ जणांना वेगळी असते. २०२५ मध्ये बऱ्याच काउंट्यांत १,१९,८५० आणि १,५८,२५० होती. तुमच्या काउंटीचा चालू आकडा त्यांच्याच साइटवर बघा. शिवाय वजावट मिळते, दर मुलामागे ४८० डॉलर. मुलं डेकेअरला जातात का?

कोरा_चहा:
धाकटी जाते. महिन्याला ९५० देतो. त्याचा काय संबंध?

सुमेधाके:
तुम्ही दोघं नोकरीला जाता म्हणून १२ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या सांभाळाचा खर्च वजा होतो. १,६७,००० मधून ९६० आणि ११,४०० काढा. १,५४,६४० उरतात, म्हणजे २०२५ च्या १,५८,२५० च्या आत.

कोरा_चहा:
डेकेअरचं लोन ऑफिसरने विचारलंच नाही, आणि मीही बोललो नाही. उद्या सकाळी फोन करतो.

मिडवेस्टी:
पावत्या आधी गोळा करा, मग फोन करा.

नाना_डेटन:
बोअरच्या पाण्याचं विसरू नका.