यूएसबी माईक जोडलेला असताना संगणक आपोआप स्लीपमध्ये जात नाही

प्रश्न

नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका असून दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी शालेय पाठ्यपुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करण्याचे काम घरूनच करते. माझा संगणक डेस्कटॉप आहे आणि त्यावर विंडोज १० आहे. दिवाळीनंतर मी जुना, ३.५ मिलिमीटर पिनेचा माईक काढून यूएसबीला जोडायचा माईक घेतला. आवाज पुष्कळ स्वच्छ येऊ लागला, पण त्याच दिवसापासून संगणक आपोआप स्लीपमध्ये जायचा थांबला.

पॉवर ऑप्शन्समध्ये १० मिनिटांनी स्क्रीन बंद व्हावी आणि ३० मिनिटांनी स्लीप व्हावी अशी वेळ लावलेली आहे. स्क्रीन ठरल्या वेळी बंद होते, मात्र आतला पंखा रात्रभर फिरत राहतो. स्टार्ट मेनूमधून मी स्वतः स्लीप दिली तर संगणक लगेच झोपतो. माईक उपटून ठेवला तर अर्ध्या तासाने तो आपणहून झोपतो. ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर पूर्ण बंद करून पाहिले, तरी फरक पडला नाही. पोर्ट बदलले, केबल बदलली, मधला हब काढून टाकला, माईकचा ड्रायव्हर (विंडोजला माईक वापरता यावा म्हणून लागणारा छोटा प्रोग्रॅम) काढून पुन्हा घातला आणि ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ चालू-बंद करून पाहिले.

आमच्याकडे रात्री वीज जाते. संगणक जागा असल्यामुळे यूपीएसची बॅटरी काही मिनिटांत संपते आणि सगळे एकदम बंद पडते. मागच्या आठवड्यात त्यात इतिहासाच्या एका धड्याची फाइल खराब झाली आणि तो धडा पुन्हा वाचावा लागला. रोज माईक काढून ठेवण्याखेरीज दुसरा उपाय असेल तर कृपया सांगावा.

प्रतिसाद १

ताई, तुम्ही दिलेल्या माहितीत दोन गोष्टी फार महत्त्वाच्या आहेत. स्वतः स्लीप दिल्यावर संगणक झोपतो, याचा अर्थ माईक, त्याचा ड्रायव्हर आणि मदरबोर्ड यांना झोपेची अडचण नाही. अडचण फक्त आपोआप झोपण्याची आहे. विंडोजमध्ये कोणताही प्रोग्रॅम किंवा ड्रायव्हर ‘माझे काम चालू आहे, संगणक जागा ठेवा’ अशी विनंती नोंदवू शकतो. ती विनंती उभी असेपर्यंत वेळ भरली तरी आपोआप स्लीप होत नाही. वापरकर्त्याने स्वतः दिलेला हुकूम मात्र अशा विनंतीपेक्षा वरचढ ठरतो. दुसरे म्हणजे स्क्रीन वेळेवर बंद होते, म्हणजे विनंती स्क्रीनसाठी नसून यंत्रणेसाठी आहे.

ही विनंती कोण करत आहे ते विंडोज स्वतःच सांगते. कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ या पर्यायाने उघडा आणि पुढील आज्ञा रोमन लिपीत टंकून एंटर दाबा: पॉवरसीएफजी, एक जागा सोडून तिरपी रेघ (/), आणि तिला लागून रिक्वेस्ट्स. उत्तरात डिस्प्ले, सिस्टम, अवेमोड असे मथळे येतील. ज्याच्याखाली ‘नन’ (म्हणजे काहीच नाही) असे नसेल तिथला मजकूर जसाच्या तसा इथे लिहा. माईक जोडलेला आणि ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर बंद, अशा स्थितीतच ही आज्ञा द्यावी. तोपर्यंत आणखी कोणतीही सेटिंग बदलू नका, कारण एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या तर नेमका गुण कशाने आला ते कळत नाही.

सिलेक्टिव्ह सस्पेंडचा इथे संबंध नाही. संगणक जागा असतानाही रिकामे बसलेले एखादे यूएसबी उपकरण वेगळे झोपवण्याची ती सोय आहे. यूएसबीच्या मानकानुसार बसवर (उपकरण व संगणक यांच्यातील माहितीच्या मार्गावर) ३ मिलिसेकंद काहीच हालचाल नसली की उपकरणाने सस्पेंड स्थितीत जायचे असते. त्या स्थितीत ते उपकरण किती वीज घेईल एवढाच तिथला प्रश्न आहे; संपूर्ण संगणक केव्हा झोपेल हे त्या सेटिंगवरून ठरत नाही.

प्रतिसाद २

यावर सरळ उपाय आहे. त्याच पॉवरसीएफजी आज्ञेत ‘रिक्वेस्ट्सओव्हरराइड’ असा पर्याय आहे. त्यापुढे ड्रायव्हर हा शब्द, मग अवतरणचिन्हांत माईकचे नाव आणि शेवटी सिस्टम असे लिहिले की विंडोज त्या उपकरणाच्या विनंतीकडे दुर्लक्ष करते. माझ्या घरच्या संगणकावर टीव्ही कार्डासाठी मी हेच केले होते आणि त्यानंतर तक्रार उरली नाही.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सांगितल्याप्रमाणे आज्ञा दिली. सिस्टम या मथळ्याखाली ‘ड्रायव्हर’ असा शब्द चौकटी कंसात आला असून त्यापुढे माझ्या माईकचे नाव आणि आकड्यांची एक लांब ओळ आहे. त्याखालच्या ओळीचा अर्थ ‘सध्या एक ध्वनिप्रवाह वापरात आहे’ असा होतो. बाकी सर्व मथळ्यांखाली ‘नन’ आहे. मी काहीच मुद्रित करत नसताना ध्वनिप्रवाह कुठला, हे मला समजत नाही.

प्रतिसाद १ चे लेखक पुन्हा

आता चित्र स्पष्ट झाले. ध्वनिप्रवाह उघडा असेपर्यंत विंडोजचा ऑडिओ विभाग संगणक जागा ठेवतो. गाणे ऐकताना किंवा मुद्रण चालू असताना संगणक मध्येच झोपू नये म्हणून केलेली ही व्यवस्था आहे आणि ती योग्यच आहे. तुमच्याकडे कोणी तरी तो प्रवाह उघडून बंद करायला विसरले आहे. मला दाट शंका एका सेटिंगची आहे. टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हावर उजवी कळ दाबून ‘साउंड्स’ उघडा, ‘रेकॉर्डिंग’ विभागात माईक निवडून ‘प्रॉपर्टीज’मध्ये जा आणि ‘लिसन’ हा विभाग पाहा. तिथे ‘लिसन टू धिस डिव्हाइस’ या चौकटीत खूण असेल तर माईकमध्ये येणारा आवाज विंडोज अखंडपणे स्पीकरकडे पाठवत राहते, मग ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर चालू असो वा नसो. ती खूण काढा आणि पुन्हा तीच आज्ञा देऊन पाहा.

वर सुचवलेला ओव्हरराइडचा मार्ग टीव्ही कार्डासाठी ठीक असेल, पण ताईंनी तो वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मोठा धडा वाचताना माणूस अर्धा-पाऊण तास कीबोर्डला किंवा माऊसला हात लावत नाही. त्या वेळी संगणकाला जागे ठेवणारी गोष्ट म्हणजे माईकची हीच विनंती. तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकवले तर ३० मिनिटे भरताच, वाचन चालू असतानाच, संगणक झोपेल आणि मुद्रण तुटेल. कोणी आधीच ओव्हरराइड लावून बसले असेल तर तीच आज्ञा शेवटचा ‘सिस्टम’ हा शब्द गाळून दिली की तो काढला जातो.

प्रतिसाद ३

हाच त्रास असलेल्या इतर वाचकांसाठी थोडी भर घालतो. कधी कधी रिक्वेस्ट्सच्या यादीत सगळीकडे ‘नन’ असते आणि तरीही संगणक झोपत नाही. अशा वेळी एखादे उपकरण हळूच हालचाल कळवत असण्याची शक्यता मोठी असते. मी चित्रे काढतो. पेन टॅब्लेटवरच ठेवून उठलो की पेनाच्या जागेत सूक्ष्म कंप होत राहतो, विंडोजला वाटते की माणूस काम करतो आहे, आणि रिकाम्या वेळेची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. चकचकीत सनमायका किंवा काच असलेल्या टेबलावरचा ऑप्टिकल माऊसही असाच वागतो. माऊस उलटा करून बंद करून ठेवावा, किंवा एकेक उपकरण काढून अर्धा तास थांबावे. चाचणीपुरती स्लीपची वेळ २ मिनिटे केली की हा शोध लवकर संपतो.

लिनक्स वापरणाऱ्यांनी ‘सिस्टमडी-इनहिबिट’ या आज्ञेला ‘लिस्ट’ हा पर्याय जोडून पाहावे. झोप कोणी अडवून धरली आहे आणि कशासाठी, ते तिथे एका ओळीत मिळते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपली शंका खरी ठरली. नवा माईक घेतला तेव्हा स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये ऐकू यावा म्हणून मीच ती खूण केली होती आणि नंतर ते विसरून गेले. खूण काढल्यावर सिस्टमखाली ‘नन’ आले आणि काल रात्री ठीक अर्ध्या तासाने संगणक झोपला.

आता दोन नव्या गोष्टी विचारते. एक, वाचताना स्वतःचा आवाज ऐकण्याची सवय झाली आहे, ती सोडावी लागेल का? दोन, पहाटे उठले तेव्हा संगणक पुन्हा जागा होता. संगणक झोपलेला असताना माईकचा हिरवा दिवा मात्र चालूच होता. माईकच त्याला उठवतो का?

प्रतिसाद १ चे लेखक पुन्हा

बऱ्याच यूएसबी माईकना खाली किंवा बाजूला हेडफोन लावण्याचे स्वतःचे भोक असते. हेडफोन तिथे लावला तर आवाज संगणकात न जाता थेट कानात येतो. आतापर्यंत विंडोजच्या मार्गाने तुम्हाला आपला शब्द किंचित उशिरा ऐकू येत असेल, तो उशीरही राहणार नाही. सवय सोडू नका. शब्द तुटला किंवा श्वासाचा आवाज आला तर वाचणाऱ्याला तो लगेच कळतो.

माईकचा दिवा लागतो कारण झोपेतही अनेक मदरबोर्ड यूएसबी पोर्टला ५ व्होल्टचा पुरवठा चालू ठेवतात. त्यावरून माईक संगणकाला उठवतो असे ठरत नाही. झोपलेल्या संगणकाला उठवणारे उपकरण बहुधा कीबोर्ड, माऊस किंवा नेटवर्क कार्ड असते. पॉवरसीएफजीला ‘लास्टवेक’ हा पर्याय देऊन शेवटी कोणी उठवले ते पाहा. तिथे अनेकदा नुसते यूएसबी कंट्रोलरचे नाव येते, म्हणून पाठोपाठ ‘डिव्हाइसक्वेरी’ आणि ‘वेक आर्म्ड’ (वेक व आर्म्ड हे दोन शब्द अधोरेषेने जोडून) अशी आज्ञा द्या. उठवण्याची परवानगी असलेल्या उपकरणांची यादी मिळेल.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

लास्टवेकमध्ये यूएसबी कंट्रोलर आला आणि यादीत कीबोर्ड व माऊस ही दोनच नावे होती. माझा माऊस टेबलावरच्या काचेवर असतो आणि पहाटे खालून पाण्याचा टँकर गेला की टेबल हलते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माऊसच्या पॉवर मॅनेजमेंटखाली संगणकाला उठवण्याची जी परवानगी होती, तिची खूण काढली आणि कीबोर्डची तशीच ठेवली. त्यानंतर तीन रात्री संगणक सकाळी कळ दाबेपर्यंत झोपलेला आहे. परवा वीज गेली तेव्हा यूपीएस पुरला आणि भूगोलाचा अर्धा मुद्रित केलेला धडा सकाळी जागेवर होता. हेडफोनही आता माईकलाच लावला आहे.