पहिला स्वतः जुळवलेला कॉम्प्युटर : कसं ठरवलंत, काय घेतलंत?

खटपट्या
विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 ला रामराम ठोकला. आमचं घरचं धूड 11 ला पात्र नाही. लेक यंदा ॲनिमेशनला गेलीय, तिला ब्लेंडर (थ्रीडीचं सॉफ्टवेअर) चालवायचंय आणि (ती हळू आवाजात म्हणते) गेमही. मी म्हटलं, तयार मशीन घेऊ. तर म्हणे, "बाबा, पार्ट आणून मीच जोडणार."

झालं, मला एकदम 1999 आठवलं. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरायचं, लॅमिंग्टन रोडवर दुकानादुकानांतून हाताने लिहिलेली कोटेशनं गोळा करायची, मग एका जिन्यावर बसून ती ताडून बघायची. प्रोसेसर इंटेलचा सेलेरॉन 300ए घेतला होता. तेव्हा त्याची ख्याती अशी की बसचा (बोर्ड आणि प्रोसेसर जोडणाऱ्या वाटेचा) वेग 66 मेगाहर्ट्झवरून 100 केला की 300 चा 450 होतो. 64 एमबी रॅम म्हणजे चैन. मित्राने त्यावर कोरलड्रॉ टाकून दिलं, लग्नपत्रिका करून बरेच पैसे वसूल केले.

आता यादी करायला बसलोय आणि डोकं गरगरतंय. तुम्ही पहिलं मशीन जुळवलंत तेव्हा सुरुवात कुठून केलीत? प्रोसेसर की ग्राफिक्स कार्ड? की आधी खिसा? लिहा मनमोकळं.

पेठेतली_मावशी
आधी खिसा. पुढे काय ते बघू :)

बेलापूरकर
लॅमिंग्टन रोड! रविवारी जाऊ नका, बहुतेक शटरं खाली असतात. आम्ही कॉलेजात असताना तिथून मेरवान या इराण्याकडचा मावा केक घेतल्याशिवाय परत आलो नाही कधी. तोही उशीर केला की संपलेला. एका हातात मदरबोर्डचं खोकं, दुसऱ्यात केकची पुडी, आणि लोकल पकडायची.

रेंडरबाबा
लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, म्हणून सांगतो. "क्रिएटिव्ह काम" असं मोघम म्हणू नका. कुठलं सॉफ्टवेअर ते लिहा, त्यावर सगळं ठरतं.

ब्लेंडर असेल तर त्यातलं सायकल्स रेंडरिंग (सीनचं अंतिम चित्र काढणं) ग्राफिक्स कार्डावर चालतं. तिथे एनव्हिडियाच्या कार्डांचं ऑप्टिक्स (रेंडरिंग वेगाने करणारं तंत्र) सध्या पुढे आहे, आणि सीन कार्डाच्या मेमरीत मावला पाहिजे. नाही मावला तर एकतर रखडतं नाहीतर बंद पडतं. त्यामुळे 8 जीबीच्या नव्या कार्डापेक्षा 12 जीबीचं जुनं 3060 कधीकधी जास्त उपयोगी पडतं. बजेट जमलं तर 5060 टीआय 16 जीबीचं बघा. तेच कार्ड 8 जीबीतही येतं, नाव तेच, खोकं तसंच. दुकानात नीट वाचून घ्या.

नुसतं फोटोशॉप, इलस्ट्रेटर असेल तर कार्डावर इतका खर्च नको, रॅम आणि चांगला मॉनिटर घ्या. आफ्टर इफेक्ट्स रॅम पितं, 32 च्या खाली जाऊ नका.

माझं कॅमेरा फुटेज 10 बिट 4:2:2 एचईव्हीसी (जास्त रंग ठेवणारा, पण उलगडायला जड प्रकार) असतं. त्यासाठी मी इंटेलच घेतला, त्यातल्या क्विक सिंकमुळे (आतल्या ग्राफिक्सचा व्हिडिओ उलगडणारा भाग) टाइमलाइन अडखळत नाही. पण नावापुढे एफ असलेला इंटेल घेऊ नका. त्यात आतलं ग्राफिक्स नसतं, म्हणजे क्विक सिंकही नाही. दुकानदार "तेच आहे साहेब, हजार-दोन हजार स्वस्त" म्हणून तोच गळ्यात मारतो.

(बाकी नंतर लिहितो, हळदीचं फुटेज कॉपी होतंय.)

उर्जिता_जे
रेंडरबाबा, हळदीचं फुटेज वाचून हसले. आमच्या हळदीचा व्हिडिओ अजून मिळाला नाहीये. मुलगी दुसरीत आहे.

रेंडरबाबा
@उर्जिता :D आमच्या धंद्याची इज्जत अशी चव्हाट्यावर नका आणू.

वऱ्हाडी_रिपेअरवाला
अकोल्यात दुकान हाय माझं. नवीन पोरं युट्यूब पाहून जोडतात अन् मग आपल्याकडे आणतात. काय काय येते पहा.

कूलरच्या बुडाची पारदर्शक फिल्म काढलेलीच नसते. मशीन तापते, पोरगं म्हणते पंखा खराब. दुसरं, मॉनिटरची वायर मदरबोर्डात खोचलेली, अन् चाळीस हजाराचं कार्ड नुसतं बसून. तिसरं, रॅमच्या दोन पट्ट्या शेजारीशेजारी. चार स्लॉट असले तर बहुतेक बोर्डांत प्रोसेसरपासून मोजून दुसरा अन् चौथा भरायचा. बोर्डाच्या पुस्तकात चित्र असते, पण पुस्तक कोण उघडते?

अन् एएम4 सॉकेटच्या जुन्या रायझनचा (एएमडीच्या प्रोसेसरचा) कूलर काढताना सरळ वर ओढू नका. मधली पेस्ट वाळून चिकटते, कूलरसंगं प्रोसेसरच सॉकेटातून उपटून येते, पिना वाकतात. आधी मशीन थोडा वेळ चालवून गरम करा, मग डावीउजवी हळूहळू फिरवत सोडवा. नंतरच्या एएम5 मध्ये पिना सॉकेटात आल्या, आता जपायचं ते सॉकेट.

अंगण झाडल्यावर जोडायला बसू नका, धूळ बसू द्या आधी.

तांबडीमाती
इथे कोकणात धुळीपेक्षा दमट हवा आणि जीवजंतू. गेल्या पावसाळ्यात माझ्या कॅबिनेटमधून जळका वास. उघडून बघतो तर पॉवर सप्लायच्या जाळीत पाल. ती गेली आणि सप्लायही गेला. तेव्हापासून मागची रिकामी पीसीआय (कार्डाच्या) खाच उघडी ठेवत नाही, खालच्या जाळीला बारीक फिल्टर लावलाय, आणि पावसाळ्यात काम नसलं तरी रोज थोडा वेळ मशीन चालू ठेवतो.

पेठेतली_मावशी
ई!! पालीचं सकाळी सकाळी वाचायला नको होतं. चहा प्यायचाय अजून.

तांबडीमाती
मावशी, उंदराने एसएमपीएसची (पॉवर सप्लायची) वायर कुरतडली ते सांगितलंच नाही मग.

शून्यवादी
माझं पहिलं मशीन 2021 मधलं. त्या वेळी कोणाला आठवत असेल, कार्डं मिळतच नव्हती. क्रिप्टो चलनाचे मायनिंगवाले गाड्या भरून उचलत होते. मी प्रोसेसर 5600जी घेतला, ज्यात ग्राफिक्स आतच आहे, आणि त्यावर दिवस काढले. साधे गेम लो सेटिंगवर चालायचे. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाने मायनिंग बंद केलं आणि वापरलेल्या कार्डांचा ढीग बाजारात आला, तेव्हा एक उचललं. घेण्याआधी विकणाऱ्याच्या घरी बसून अर्धा तास टेस्ट चालवली, पंख्यांचा आवाज ऐकला, मेमरीचं तापमान बघितलं. त्याच्या आईने पोहेही दिले.

सांगायचं असं की कार्ड नंतर येऊ शकतं. मदरबोर्ड, सप्लाय, कॅबिनेट एकदाच नीट घ्या. एएम5 2022 ला आलं, पुढचे प्रोसेसरही त्याच सॉकेटात बसत आलेत. आमच्या एएम4 वाल्यांनी 2017 पासून किती वर्षं नुसते प्रोसेसर बदलून काढली, माहितीच आहे.

न्यूजर्सीची_सून
आमच्याकडे पॅटरसनला मायक्रो सेंटर (कॉम्प्युटरचं मोठं दुकान) आहे. प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम यांचे एकत्र कॉम्बो मिळतात, नवरा तिथे शिरला की बाहेर येत नाही. दिरांसाठी कार्ड भारतात न्यायचा विचार होता, पण वॉरंटी इथल्या बिलावर भारतात चालेलच असं नाही, म्हणून राहू दिलं. बरं झालं, त्या बॅगेत लोणची आणि मेतकूट येतं तेवढीच जागा असते (येताना, जाताना नव्हे. म्हणजे तुम्हाला कळलं ना).

बेलापूरकर
कळलं नाही पण मेतकूट आवडतं.

सदानकदा
रॅमचे भाव कोणी बघितलेत का? 2025 च्या शेवटी डीडीआर5 (हल्लीची रॅम) कुठल्या कुठे गेली. एआयच्या डेटा सेंटरांनी सगळी मेमरी ओढून घेतली म्हणे. क्रुशल या रॅमच्या ब्रँडचा घरगुती धंदा मायक्रॉननेच गुंडाळायचं जाहीर केलं डिसेंबरात. त्यामुळे "आत्ता 16 घेतो, नंतर अजून 16 टाकतो" हा आपला जुना हिशोब जपून करा. शिवाय डीडीआर5 च्या चार पट्ट्या घातल्या की वेग खाली येतो. जी काय घ्यायची ती दोन पट्ट्यांची जोडी एकदम.

आणि बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सपो किंवा एक्सएमपी (रॅम खोक्यावरच्या वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा हो! नाहीतर 6000 ची रॅम 4800 वर चालते आणि तुम्ही पैसे 6000 चे दिलेले. तसंच 144 हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये 60 वर पडून असतो, डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन बदलावं लागतं.

उर्जिता_जे
@सदानकदा आत्ता जाऊन बघितलं. 60. दीड वर्ष. नवऱ्याला सांगणार नाहीये.

अक्षरजुळारी
अवांतर, पण लेक डिझाइन शिकतेय म्हणून. फोटोशॉपात मराठी टाइप केल्यावर जोडाक्षरं तुटली, वेलांटी भलतीकडे गेली तर मशीनला शिव्या देऊ नका. टाइपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवडायचं. श्रीलिपीत (जुन्या मराठी फॉन्टांच्या पॅकेजात) वाढलेल्या आम्हा डीटीपीवाल्यांना युनिकोडची ही गंमत बऱ्याच उशिरा कळली.

मॉनिटर आयपीएसच (बाजूनेही रंग नीट दाखवणारा पडदा) घ्या आणि एसआरजीबी (रंगांचा ठरलेला पल्ला) पूर्ण दाखवणारा. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ स्क्रीनवर केशरी दिसायचं, छापून विटकरी यायचं. प्रेसवाला म्हणायचा, "तुमचा मॉनिटर खोटं बोलतो."

वायरमन_काका
कोणी विजेबद्दल लिहिलं नाही म्हणून लिहितो. जुन्या इमारतीत अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटत असेल तर अर्थिंग नाही असं समजा, आणि ते आधी दुरुस्त करा. यूपीएसवर 600 व्हीए लिहिलं म्हणजे 600 वॅट नव्हे, साधारण 360 मिळतात. गेमिंग कार्ड असेल तर 1000 व्हीएच्या खाली घेऊ नका. यूपीएस फक्त फाइल सेव्ह करून बंद करण्यापुरता आहे, लोडशेडिंगमध्ये गेम खेळण्यासाठी नाही. पोरांना हे पटत नाही. पॉवर सप्लाय चांगल्या कंपनीचा, 650 वॅटचा. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा तिथेच दुकानात ठेवून या.

वऱ्हाडी_रिपेअरवाला
काका +१. फुकटच्या सप्लायवरच माझं घर चालते, तरी सांगतो, घेऊ नका.

खटपट्या
सगळ्यांचे आभार, वही भरली. लेकीने वाचून यादी केलीय: रायझन 7600, बी650 बोर्ड, 32 जीबीची जोडी, एक टीबी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), 650 वॅट, कार्ड तूर्तास 3060 12 जीबी वापरलेलं मिळालं तर, नाहीतर थांबायचं. 7600 मध्ये आत थोडं ग्राफिक्स आहे, त्यावर ब्लेंडरचं मॉडेलिंग शिकता येईल तोवर, असं तिचं म्हणणं. गेमचं काय विचारलं तर म्हणाली "बघू."

शून्यवादी
यादी झकास. वापरलेलं कार्ड घ्यायला जाल तेव्हा तिला बरोबर न्या. बोर्ड वायफायवाला आहे ना? नसेल तर केबल कुठून आणणार ते आधी ठरवा.

पेठेतली_मावशी
आणि ते कॉम्प्युटरचं जुनं टेबल आहे ना, खालच्या कप्प्यात कॅबिनेट ठेवायचं? हल्लीची धूडं त्यात मावत नाहीत. मोजलंत का?

खटपट्या
आत्ता मोजलं. दोन बोटं उंच होतंय. सुताराला फोन लावलाय, म्हणतो पाडव्यानंतर येतो.

बेलापूरकर
कुठल्या पाडव्यानंतर ते विचारलंत का?