कार्बोरेटर ओव्हरफ्लो : तुमच्या गाडीने पेट्रोल नक्की कुठून गाळलं? (अनुभव धागा)

माझगावकर

मंडळी, धाग्याचं कारण असं की आमच्या मेव्हण्यांच्या नागावच्या वाडीत एक जुनी जपानी एटीव्ही (चार जाड चाकांची उघडी गाडी) आहे, २५० सीसी, फोर स्ट्रोक, कार्बवाली. झावळ्या ओढायला आणि पाहुण्यांच्या पोरांना वाडीतल्या वाडीत फिरवायला वापरतात. पावसाळाभर ताडपत्रीखाली होती, दिवाळीत बाहेर काढली तर पेट्रोलचा कॉक उघडल्या उघडल्या कार्बच्या खालच्या नळीतून पेट्रोलची धार. (नवख्यांसाठी: कार्बच्या खालची पेट्रोलची वाटी म्हणजे बाऊल, त्यात फ्लोट तरंगतो, वाटी भरली की तो वर येऊन नीडल सीटवर दाबतो आणि पेट्रोल बंद होतं.) नवीन किट टाकलं (नीडल, गास्केट, ओ-रिंगा), बाऊल धुतला, जेट फुंकले, धार थांबली पण थेंब थेंब चालूच. तिथला मेकॅनिक म्हणतोय फ्लोटची पट्टी वाकवू, बाऊलमधल्या पेट्रोलची लेव्हल खाली घेऊ. मला ते पटेना, लेव्हल चुकलीय हे तरी आधी कळू दे. म्हणून कार्ब रिकामा करून रो-रो बोटीने मांडव्याहून मुंबईत भाऊच्या धक्क्याला आणला, सध्या बाल्कनीत पेपरवर पडलाय आणि वासापायी मी बोलणी खातोय.

एटीव्ही फार जणांकडे नसणार, माहितीये. पण बाऊल, फ्लोट, नीडल सगळीकडे तेच, त्यामुळे चेतक, आरएक्स, येझदी, मारुती ८००, लग्नातला जनरेटर, काहीही चालेल. फक्त "साफ करून घ्या" एवढंच लिहू नका प्लीज. नक्की कुठे सापडलं आणि कसं सापडलं ते लिहा.

भांडुपचा भाऊ

किट टाकलं म्हणजे नीडल बदलली, पण नीडल जिच्यावर जाऊन बसते त्या सीटचं काय? बऱ्याच जपानी कार्बमध्ये सीट पितळेची, बॉडीत दाबून बसवलेली असते, ती किटमध्ये येतच नाही. माझ्या जुन्या दीडशे सीसी बाईकला हेच झालं, जुन्या नीडलच्या रबरी टोकाला गोल खाच पडलेली, नखाला लागायची, म्हणून खूश होऊन नवी टाकली आणि तरी सकाळी गाडीखाली डाग. मग मोबाईलचा टॉर्च मारून आत बघितलं तर सीटच्या कडेला हिरवट थर. कान साफ करायचा कापसाचा इअरबड घेतला, त्याला पितळ पॉलिश लावलं आणि बोटांनीच फिरवत बसलो, पॉलिश पेपर अजिबात घालायचा नाही, ओरखडे पडले की सीट गेली, मग सगळं रॉकेलने धुतलं. आत पितळ चमकायला लागल्यावर गळती बंद.

चेक करायला सोपी आयडिया. बाऊल काढायचा, कार्ब उलटा धरायचा म्हणजे फ्लोट स्वतःच्या वजनाने नीडल बंद करतो, आणि पेट्रोल येतं त्या तोटीला स्वच्छ पाईप लावून फुंकायचं. हवा पास नाही झाली पाहिजे. बोटाने फ्लोट उचलला की झाली पाहिजे. उलटा असताना पण हवा जात असेल तर फ्लोट वाकवून काय दिवे लागणारेत?

आणि एक, स्वस्त किटातली नीडल जुनीशेजारी ठेवून लांबी बघा. जरा लांब-आखूड असली की लेव्हल आपोआप बदलते आणि दोष फ्लोटवर जातो.

शिवडी स्पॅनर

भाऊने लिहिलंय ते बरोबर, पण आधी लेव्हल डोळ्यांनी बघा ना राव. मेडिकलमधून सलाईनची नळी आणा, पारदर्शक असते. बाऊलच्या खाली ड्रेनची तोटी असते तिला ती लावायची आणि नळी वर वळवून कार्बच्या अंगाला चिकटवून धरायची. कॉक चालू करून ड्रेनचा स्क्रू थोडा सैल केला की नळीत पेट्रोल चढतं आणि बाऊलमध्ये जेवढं आहे त्याच उंचीला थांबतं. साधारण बाऊल आणि बॉडीच्या जोडाच्या थोडं खाली थांबायला पाहिजे, किती मिलिमीटर ते ज्या त्या मॉडेलच्या मॅन्युअलला वेगळं. जोडाच्या वर चढत राहिलं तर नीडल, सीट नाहीतर फ्लोट. खाली थांबलं आणि तरी गळतंय, तर लफडं दुसरीकडे आहे.

गाडीवर असण्याची गरज नाही. कार्ब सरळ धरून बांधा आणि पेट्रोलची छोटी बाटली कपडे वाळत घालायच्या दांडीला टांगा, झाली टाकी.

कुमुदिनी पार्ले

शिवडी, बाल्कनीत पेट्रोलची बाटली टांगायला सांगताय, खालच्या मजल्यावर कोणी संध्याकाळी धूप फिरवत असेल तर? पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली उतरते आणि जमिनीलगत पसरते. गच्चीवर जा, दुपारी, वारा असताना, आणि पाण्याच्या मोटारीच्या स्विचपासून लांब. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका गाडीचं पेट्रोल रात्रभर गळत होतं, वॉचमनने मच्छर अगरबत्ती तिथेच लावलेली. नशीब, दुसरं काय.

आता माझा अनुभव. बाबांची येझदी माझ्याकडे आली, तिच्या कार्बमध्ये पितळेचा फ्लोट, आतून पोकळ. या गाडीला थंडीत चालू करताना मुद्दाम ओव्हरफ्लो करायचं असतं, कार्बवर एक बटण असतं ते दाबलं की फ्लोट खाली जातो आणि पेट्रोल भरतं, तोटीतून थेंब आला की किक. त्यामुळे गळती ही गळती आहे हेच आमच्याकडे कोणाला बरेच दिवस वाटेना! शेवटी मी फ्लोट काढून कानाशी हलवला तर आत चुळुक चुळुक. बारीक भोकातून पेट्रोल आत गेलेलं, फ्लोट जड झाला, तरंगेना, मग नीडल बंद कोण करणार? कडकडीत गरम पाण्यात बुडवला की जिथून बुडबुडे येतात तिथे भोक. डाग (सोल्डर) द्यायच्या आधी आतलं पेट्रोल पूर्ण बाहेर काढणं फार महत्त्वाचं, नाहीतर गरम इस्त्री लावल्यावर काय होईल सांगायला नको. आणि शिसं कमीत कमी. जास्त लावलं की फ्लोट परत जड.

लालबागचा, सध्या रेवदंडा

मी गेली काही वर्षं इकडे बीचवर राईडला फिरणाऱ्या एटीव्ही बघतो. जास्त करून ११० सीसीच्या चायनीज, त्यांना पीझेड१९ टाईपचा कार्ब असतो. नवीन कार्ब इतका स्वस्त की मालक म्हणतो टाक नवीन. पण नवीन टाकला तरी सीझनभरात परत तेच, कारण वाळू आणि मीठ. खारं पाणी उडून बाऊलवर पांढरी पावडर धरते, आतपर्यंत जाते, आणि फ्लोट ज्या पिनीवर झुलतो ती पिनच चिकटते. फ्लोट खाली अडकला की धार, वर अडकला की गाडी बंद. बाऊलवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने टक टक केलं की पाच मिनिटं सुधारते, सगळे तेवढ्यावर सीझन काढतात.

धुताना प्रेशर गन कार्बवर मारू नका. बाऊलला हवेसाठी व्हेंटची नळी असते, तिच्यातून पाणी सरळ आत जातं. ती नळी चिखलाने बुजली असेल तरी लेव्हल बिघडते, कुंभारीण माशी तिथे मातीचं घर करते, खोटं वाटेल पण मी काढलंय.

अजून एक जे कोणी बघत नाही. टाकीचं झाकण. झाकणातलं हवेचं भोक बुजलेलं असेल आणि गाडी मे महिन्यात भर उन्हात उभी असेल तर टाकीत प्रेशर तयार होतं आणि ते नीडलला ढकलून पेट्रोल बाऊलमध्ये घुसवतं. सकाळी ठीक, दुपारी गळते, असली तक्रार आली की मी आधी झाकण सैल करून बघतो.

मुलुंड चेकनाका

आमची केस वेगळी, बाहेर एक थेंब नाही. जुनी ऑटोमॅटिक स्कूटर, सकाळी चालू होईना, प्लग काढला की ओला, सुकवला की एकदा चालू, धूर काळा. गॅरेजवाला चोकवर अडून बसलेला. चोक अडकला तर गाडी जास्त पेट्रोल खाते, काळा धूर देते, हे खरंय, पण उभ्या गाडीत पेट्रोल कसं शिरेल? तर तिला व्हॅक्यूमवाला कॉक होता, इंजिन ओढेल तेव्हाच उघडणारा. त्याच्या आतला रबरी पडदा फाटला होता आणि व्हॅक्यूमच्याच बारीक पाईपमधून पेट्रोल कार्बला बायपास करून थेट मॅनिफोल्डमध्ये (कार्बमधून इंजिनात जाणाऱ्या नळीत) जात होतं. तो पाईप उपसून टोकाला बोट लावलं, बोट ओलं. झालं निदान.

पण मुद्दा पुढचा आहे. डिपस्टिक काढली तर ऑईलची पातळी आपण टाकलं त्याच्यापेक्षा वर! वास घेतला तर पेट्रोल. असं पातळ झालेलं ऑईल बेअरिंगची वाट लावतं, त्यामुळे ओव्हरफ्लो नीट केल्यावर ऑईल बदलल्याशिवाय गाडी चालवूच नका. माझगावकर, तुमच्या एटीव्हीचं पण बघा. आणि किक किंवा सेल्फ मध्येच कडक अडकला तर जोर लावायचा नाही, सिलिंडरमध्ये पेट्रोल भरलेलं असू शकतं, ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. कॉक बंद, प्लग काढायचा, प्लगची वायर लांब बाजूला ठेवायची, मग हळू फिरवून पेट्रोल बाहेर काढायचं.

कलिना जुनं घर

२६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस, आमची चेतक हँडलपर्यंत पाण्यात. नंतर इंजिन उघडून वाचवलं पण कार्बकडे कोणी बघितलं नाही, पाणी काढलं की झालं असं वाटलं. पेट्रोलपेक्षा पाणी जड म्हणून ते बाऊलच्या तळाला बसतं आणि तिथेच राहतं. पुढे गळायला लागल्यावर उघडला तर जस्ताच्या धातूला पांढरी भुकटी आणि खड्डे, सीटचं तोंडच खाल्लेलं. पॉलिश वगैरे काही उपयोग नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना चांगला कार्ब मिळाला तो लावला. काही कार्ब मेलेले असतात, हे पण कोणीतरी लिहायला पाहिजे.

ऑक्टेन

सगळ्याचं मूळ इथेनॉल आहे. २०२३ पासून ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) यायला लागलं, जुन्या गाडीचं रबर ते सहन करत नाही. विषय संपला.

शिवडी स्पॅनर

विषय नाही संपला 🙂 जुन्या ओ-रिंगा आणि पाईप फुगतात, कडक होतात, मान्य. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि उभ्या गाडीत ते पाणी खाली वेगळं होतं, तेही मान्य, मुंबईच्या पावसाळ्यात तर जास्तच. पण कुमुदिनीताईंच्या फ्लोटला भोक इथेनॉलने पाडलं का? व्हायटनच्या (इंधन सोसणाऱ्या रबराच्या) टोकाची नीडल इथेनॉलला बऱ्यापैकी पुरते. गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर कॉक बंद करून बाऊल रिकामा करा, पेट्रोल कुठलंही असो.

माझगावकर

गच्चीवर गेलो (कुमुदिनीताई, दुपारीच, आणि पाण्याची बादली आणि वाळूचा डबा घेऊन). उलटा धरून फुंकलं, हवा पास नाही, म्हणजे नवी नीडल आणि सीट दोन्ही ओके. फ्लोट प्लास्टिकचा, पेट्रोलमध्ये टाकला तर मस्त तरंगतोय. मग सलाईनची नळी लावली आणि इथे गंमत झाली. ड्रेनचा स्क्रू मी अजून सैल केलाच नव्हता, तरी नळीत पेट्रोल चढायला लागलं! हळूहळू चढलं आणि जोडाच्या खाली छान थांबलं. लेव्हल बरोबर. मग स्क्रू बंद असताना नळीत आलं कुठून?

शिवडी स्पॅनर

बाऊलच्या मधोमध पितळेची उभी बारीक नळी असेल बघा, फ्लश टाकीत असते तशी ओव्हरफ्लोची. लेव्हल फार चढली तर जादाचं पेट्रोल तिच्या वरच्या तोंडातून खाली जातं. तिचं आणि ड्रेनचं बाहेरचं तोंड बऱ्याच कार्बमध्ये एकच असतं. एकतर ड्रेन स्क्रूची ओ-रिंग गेलीय नाहीतर ती नळी मधेच चिरलीय. नुसता बाऊल हातात घेऊन पेट्रोल भरा आणि खाली टिश्यू धरा.

माझगावकर

चिरलीय. स्क्रूला नवी ओ-रिंग घालून पण टिश्यू ओला, मग भिंगातून बघितलं तर नळीच्या खालच्या भागात केसाएवढी उभी चीर, बाऊलच्या तळापासून अर्ध्या उंचीपर्यंत. म्हणजे लेव्हल कितीही खाली घेतली असती तरी चिरेपर्यंतचं पेट्रोल गळतच राहिलं असतं. नवीन बाऊल या मॉडेलचा इथे मिळेना, आणि इपॉक्सीवर पेट्रोलमध्ये माझा भरवसा नाही.

शेवटी एका रेडिएटरवाल्याकडे गेलो, पितळेला डाग देणं त्यांचं रोजचं काम. त्याने बाऊल ओल्या फडक्यात गुंडाळला, चीर खरवडून चकचकीत केली, फ्लक्स लावून बारीक टोकाच्या इस्त्रीने नुसता एक पातळ हात फिरवला. चहाचे पैसे घेतले, वर विचारतो हे कुठल्या स्कूटरचं. रात्रभर बाऊल भरून टिश्यूवर ठेवला (गच्चीवरच!), टिश्यू कोरडा. शनिवारी नागावला जाऊन बसवतो, मुलुंडकरांनी सांगितलं तसं ऑईल पण बदलतो.

आता एकच अडचण, बाऊलची मोठी ओ-रिंग सगळ्या उघड-बंदमध्ये फुगलीय, खाचेत बसतच नाही, एक बाजू दाबली की दुसरी बाहेर येते. नवीन शोधू का?

भांडुपचा भाऊ

नको, थांबा. पेट्रोल पिऊन फुगते ती. पुसून एक-दोन दिवस वाऱ्यावर ठेवा, बरीचशी आखडते आपोआप, नवीन किटातली आहे ना. बसवताना खाचेत दोन-चार ठिकाणी ग्रीसचा बारीक ठिपका लावा म्हणजे जागा सोडत नाही. आणि बाऊलचे स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, ॲल्युमिनियमचे आटे आहेत.

लालबागचा, सध्या रेवदंडा

शनिवारी येताय तर स्क्रू ड्रायव्हर जपानी क्रॉसचा आणा, साध्या फिलिप्सने त्या स्क्रूंची डोकी जातात. नसेल तर माझ्याकडे आहे, नागावहून पंधरा-वीस मिनिटं.