खडकाळ रानात बरसीम लावा म्हणणाऱ्यांनो, आधी त्या उतारावर उभे राहा

माळकरी: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, "हिवाळी चराईला लसूणघास नाहीतर बरसीम, बाकी सगळं भुसकट." वाचल्यापासून डोक्यातून जात नाही. माझं रान म्हणजे वीतभर माती नि खाली मुरूम. बरसीम हा हिवाळी हिरवा चारा, त्याला ओल धरणारी जमीन हवी. माझ्याकडे महिन्यातच पिवळं पडलं. शेजारच्याच पट्ट्यात राय पेरली होती (मोहरी नव्हे, गव्हाच्या जातकुळीतली). ती हलकी, आंबट जमीन सोसते, थंडीतही उगवते. ओट या चाऱ्याइतकी गोडी नाही, पण ओंबी यायच्या आत सोडलं तर गुरं खळखळ करत नाहीत.

दावण: ते लिहिणारा मीच. पिवळं पडलं म्हणजे बियाण्याला जिवाणू संवर्धक चोळलं नसणार. आणि प्रथिनाचं काय? ओंबीच्या तोंडाला आलेल्या रायेवर दुभतं जनावर टिकतं का?

माळकरी: चोळलं होतं. मुळांवरच्या गाठी फोडून पाहिल्या, आतून गुलाबी होत्या, म्हणजे जिवाणू कामाला लागले होते. कमी पडली ती ओल. दर वेळी समोरचा अडाणीच असतो का?

रानवाट: पीक कुठलंही घ्या, उतारावर चराई वरून खाली न्या. मी पहिल्या वर्षी खालून सुरुवात केली. एका पावसात वरची माती खुरांच्या खड्ड्यांतून वाहत थेट ओढ्यात गेली. खाली पीक उभं असतं तर तिथेच अडली असती. पिकावर भांडताय, मातीबद्दल कुणी बोलत नाही.

गव्हाण: लसूणघासाबद्दल इतक्या सहज लिहू नका हो. माझी पहिलारू गाय होती. सकाळी दव असताना उपाशीपोटी कोवळ्या लसूणघासात सोडली. दोन तासांत पोट फुगून डावी कूस पाठीच्या वर आली. टिचकी मारली की ढोलासारखा आवाज. डॉक्टर पोचायच्या आत गेली.

दावण: वाईट झालं. पण दोष घासाचा नाही, उपाशी सोडण्याचा. आधी सुकी वैरण घालायची.

गव्हाण: माझी चूक मला ठाऊक आहे. तुमच्या पोस्टमध्ये त्यातला एक शब्द होता का? नवखा माणूस वाचणार आणि सरळ गुरं सोडणार.

सात_गुरं: तेल नळीने पाजायचं, गाय वाचते.

गव्हाण: नाक धरून मान वर ओढून बाटलीने ओतलेलं तेल फुफ्फुसात उतरतं, तेही पाहिलंय.

सात_गुरं: म्हणूनच नळी म्हटलं! फेसाची पोटफुगी असेल तर कुशीत सुई घालूनही हवा सुटत नाही, फेस अडकतो. तो मोडायला तेल लागतंच. वाचून तरी रागवा.

गव्हाण: नळी म्हणालात, खरंय. वाचताना चुकलं.

रानवाट: सलगम-केल (कोबीच्या जातकुळीतला चारा) लावणाऱ्यांनीही ऐका. तिथेही एकदम पोटभर सोडायचं नाही, आठ-दहा दिवस हळूहळू वाढवायचं. निदान तिसरा हिस्सा सुकी वैरण ठेवा. नुसत्या केलवर दिवसचे दिवस ठेवलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून लघवी लाल होते. सलगमचा आख्खा गड्डा घशात अडकतो, ते वेगळंच. माझ्या एका कालवडीची मान ताणलेली, लाळ गळतेय, अर्धा तास हात घालून गड्डा काढला.

माळकरी: पोटफुगीतून आता बाहेर या. खडकाळ जमिनीत काय, हा प्रश्न होता.

दावण: बरं, मुरमात बरसीम नाही, इतकं मान्य. पोस्टमध्ये "ओल असेल तर" आणि "उपाशी सोडू नका" ही दोन्ही वाक्यं टाकतो, तीही गव्हाण यांच्या गाईसाठी. वरच्या पट्ट्यात तुमची राय पेरून बघेन. ओढ्याकडच्या काळ्या तुकड्यात मात्र बरसीम राहणारच, ओटाबरोबर मिसळून.

माळकरी: पेरा. ओंबी यायच्या आत सोडा. ताटं कडक झाल्यावर गुरं तोंड लावत नाहीत म्हणून तक्रार घेऊन आलात, तर ऐकून घेणार नाही.