रिस्क-फाइव्ह बोर्ड रोजच्या वापराला घ्यावा का?

मुळशीकर: नमस्कार मंडळी, घरचा जुना डेस्कटॉप पार बसलाय, त्याच्या जागी व्हिजनफाइव्ह २ चा ८ जीबीवाला बोर्ड, म्हणजे रिस्क-फाइव्ह चिपवर चालणारा एका पाटीवरचा छोटा कॉम्प्युटर, घ्यायचं मनात आहे. रिस्क-फाइव्ह, म्हणजे प्रोसेसरला समजणाऱ्या हुकुमांचा आराखडा, खुलं आहे, कोणालाही रॉयल्टी न देता चिप बनवता येते, आपल्याकडे आयआयटी मद्रासने शक्ती प्रोसेसर त्याच्यावरच केला, हे मला मनापासून आवडतं. काम म्हणजे ब्राउझर, लिब्रेऑफिस, मराठी टायपिंग, थोडं पायथन आणि जीएसटी रिटर्नसाठी डीएससी टोकन (डिजिटल सहीचा यूएसबी). लिनक्सची सवय आहे. रोज वापरतंय का कोणी?

खटपट्या: मी वापरतो, पण एकुलता एक कॉम्प्युटर म्हणून नाही. त्यातल्या जेएच७११० चिपमध्ये १.५ गिगाहर्ट्झचे चार यू७४ कोअर आहेत, आणि खरी गोम अशी की ते इन-ऑर्डर आहेत, म्हणजे मेमरीतून डेटा यायला उशीर झाला की मागच्या सगळ्या इन्स्ट्रक्शन्स ताटकळतात, इंटेलवाला तेवढ्यात पुढचं काही उरकून घेतो तसं इथे होत नाही. टर्मिनल, एडिटर, पायथन छान चालतं, जड वेबसाइट उघडली की मात्र दम निघतो. यूट्यूबचं म्हणाल तर चिपमध्ये एच.२६४ आणि एच.२६५ या व्हिडिओ फॉरमॅटचा डीकोडर आहे पण यूट्यूब बहुतेक वेळा व्हीपी९ नाहीतर एव्ही१ हे दुसरेच फॉरमॅट पाठवतं, मग सगळा भार सीपीयूवर. घेतलाच तर एसडी कार्डवर चालवू नका, बोर्डाच्या खालच्या बाजूला एम.२ स्लॉट आहे त्यात एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) टाका, जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

लेखणीवाली: मराठी टायपिंगची काळजी नको दादा. आयबस (टायपिंगचं सॉफ्टवेअर), फॉन्ट, लिब्रेऑफिस सगळ्याचा सोर्स खुला, त्यामुळे डेबियन लिनक्सवाल्यांनी रिस्क-फाइव्हसाठी बिल्ड करून ठेवलंय, आणि ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ पासून रिस्क-फाइव्हला अधिकृत सपोर्ट आहे. अडेल ते टोकनपाशी. ड्रायव्हर बंद सोर्सचा आणि फक्त एक्स८६ (इंटेल-एएमडीचे प्रोसेसर) साठी असेल तर काही इलाज नाही. बॉक्स६४ ने एक्स८६ चे प्रोग्राम चालवता येतात, पण टोकनसारख्या कामात त्याच्या भरवशावर राहू नका.

मुळशीकर: टोकन तर लागणारच. मग रास्पबेरी पाय ५?

खटपट्या: वेग मिळेल, त्यात २.४ गिगाहर्ट्झचे कॉर्टेक्स-ए७६ आहेत आणि ते आउट-ऑफ-ऑर्डर आहेत, म्हणजे इंटेलसारखं थांबल्या वेळात पुढचं उरकतात, पण एक्स८६ नसून आर्म जातीचे असल्यामुळे टोकनचं दुखणं तसंच. रिटर्नसाठी एखादा सेकंडहँड इंटेल ठेवा. आणि रिस्क-फाइव्ह घ्यायचाच असेल तर आरव्हीए२३ (चिपमध्ये कुठल्या सोयी हव्यातच याचं रिस्क-फाइव्हचं नवं मानक) वाल्या बोर्डासाठी थांबा, उबंटूने २५.१० पासून तेच सक्तीचं केलंय, व्हिजनफाइव्ह २ त्यात बसत नाही.