मदत हवी आहे: रोबो व्हॅक्यूम फिरतो, पण कचरा ओढत नाही

नमस्कार मंडळी. आमचा रोबो व्हॅक्यूम अडीच वर्षांचा आहे. गेले पंधरा दिवस तो घरभर फिरतो, पण केस, पोळीचा चुरा मागे तसाच राहतो. आईचे गुडघे दुखतात, तिला वाकून केर काढता येत नाही, त्यामुळे हा लवकर नीट व्हायला हवा.

डबा धुतला. मुख्य ब्रशच्या दोन्ही टोकांना गुंडाळलेले केस कात्रीने कापून काढले. ब्रशपासून डब्यापर्यंतची वाट टॉर्च लावून पाहिली, मोकळी आहे. फिल्टर मात्र नळाखाली धुऊन चार-पाच तासांतच परत बसवला, तिथेच चुकलं असं वाटतंय. दिवाळीत सांडलेली रांगोळीही यानेच उचलली होती. ती बारीक पूड ओल्या फिल्टरच्या घड्यांत घट्ट बसली असेल का?

फिल्टर काढून अगदी अर्धा मिनिट चालवून पाहिला. ओढ वाढली, पण पहिल्यासारखी नाही. शिवाय शिट्टीसारखा बारीक आवाज येतो.

नुसता नवा फिल्टर पुरेल, की डब्याच्या रबरी कडेतून हवा गळत असेल? दुरुस्तीवाला न बघताच मोटर बदला म्हणतो. आतला पंखा कोणी घरी उघडून साफ केला आहे का? कृपया सांगा.